दुसरी पंगत : अथेन्स, १४ मार्च १९८९

१/ अथेन्सला लागून असलेल्या पिरेयसच्या किनाऱ्यावर एक भव्य बंदिस्त क्रीडागृह आहे. त्याचे नाव 'शांतता आणि मैत्री'. १४ मार्च १९८९ च्या रात्री तेथे युरोपीय बास्केटबॉलमधील दुसऱ्या क्रमांकाची मानली जाणारी स्पर्धा, म्हणजे 'कप विनर्स कप', अंतिम सामन्यापाशी येऊन ठेपली होती. एका बाजूला स्पेनचा बलाढ्य रेआल माद्रिद, दुसऱ्या बाजूला दक्षिण इटलीतील कासेर्ता या शहराचा संघ. जादा वेळेपर्यंत लांबलेल्या त्या सामन्याचा निकाल : रेआल ११७, कासेर्ता ११३.

२/ या सामन्यातून लोकांच्या स्मरणात एकच आकडा उरला आहे : ६२. रेआलच्या ड्राझेन पेट्रोविचने एकट्याने केलेले गुण. दोन गुणांच्या १२ फेकी, तीन गुणांच्या ८ आणि १४ मुक्त फेकी. बेरीज करून पाहावी. आकडा थक्क करणारा आहे, यात वाद नाही. परंतु त्याच्या झगमगाटात त्या हंगामाची उरलेली कथा झाकोळून गेली, आणि ती कथा त्या आकड्याहून मोलाची आहे. हा धागा तिच्यासाठी.

३/ प्रथम 'दुसरी स्पर्धा' म्हणजे काय, ते पाहू. युरोपातील राष्ट्रीय विजेत्या क्लबांची स्पर्धा, 'चॅम्पियन्स कप', १९५८ मध्ये सुरू झाली. १९६६-६७ च्या हंगामापासून तिच्या जोडीला 'कप विनर्स कप' आला. ज्याने आपल्या देशाची लीग जिंकली तो पहिल्या स्पर्धेत, ज्याने देशाची चषक स्पर्धा जिंकली तो दुसऱ्या. १९७२ पासून उरलेल्या चांगल्या क्लबांसाठी तिसरी स्पर्धा आली. तिला मोटार अपघातात अकाली गेलेल्या युगोस्लाव्ह खेळाडू रादिवोय कोराचचे नाव देण्यात आले.

४/ आजच्या वाचकाला 'दुसरी' या शब्दातून दुय्यम दर्जा ऐकू येतो. तो अर्थ त्या काळाला लागू करणे चुकीचे आहे. लग्नघरी पहिली पंगत आणि दुसरी पंगत असते; स्वयंपाक एकाच चुलीवरचा असतो आणि दुसऱ्या पंगतीला बसलेला पाहुणा मानाने कमी असतोच असे नाही. कोण आधी बसले, कोणासाठी पाट उरला नाही, एवढाच फरक. कप विनर्स कप ही नेमकी तशी पंगत होती.

५/ याचा सर्वांत ढळढळीत पुरावा दोन वर्षे आधीचा. झाग्रेबचा सिबोना हा क्लब १९८५ आणि १९८६ असा सलग दोन वेळा युरोपचा विजेता ठरला. त्या संघाचा प्राण होता तरुण पेट्रोविच. पण १९८६ ची युगोस्लाव्ह लीग झादारच्या संघाने जिंकली आणि नियमानुसार चॅम्पियन्स कपमध्ये देशाची जागा झादारला मिळाली. युरोपचा राजमुकुट डोक्यावर असलेला संघ पुढच्या हंगामात 'दुसऱ्या' स्पर्धेत खेळला. ती १९८७ मध्ये त्याने जिंकलीही. श्रेणी गुणवत्तेची नव्हती. प्रवेशाच्या नियमाची होती.

६/ १९८८-८९ चा रेआल माद्रिदही याच नियमाचे अपत्य. १९८८ मध्ये बार्सिलोनाने स्पेनची लीग जिंकली आणि राजाचा चषकही जिंकला; चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल अवघ्या एका गुणाने, ८३-८४ असा हरला. बार्सिलोना वरच्या स्पर्धेत गेल्यामुळे चषकाची रिकामी जागा पराभूत रेआलला मिळाली. म्हणजे 'चषक विजेत्यांचा चषक' ज्याने १९८९ मध्ये जिंकला, त्याने मुळात चषक जिंकलेलाच नव्हता! त्या रात्री मैदानावर उतरलेल्या दोघांपैकी स्पर्धेच्या नावाला शब्दशः जागणारा संघ एकच होता, कासेर्ता. १९८८ चा इटालियन चषक त्यांनी खरोखर जिंकला होता.

७/ कासेर्ता हे नेपल्सच्या उत्तरेस असलेले मध्यम आकाराचे शहर. प्रवाशांना ते माहीत असते राजवाड्यामुळे. बूर्बाँ घराण्यासाठी वास्तुविशारद लुइजी वानविटेल्लीने १७५२ मध्ये त्याची उभारणी सुरू केली आणि युरोपातील अतिविशाल राजप्रासादांत त्याची गणना होते. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील जर्मन फौजांच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच वास्तूत. त्यानंतर इतिहासाने या शहराकडे फारसे वळून पाहिले नाही.

८/ इटालियन बास्केटबॉल हा उत्तरेचा खेळ होता. मिलान, व्हारेझे, कांतू, बोलोन्या; सत्ता, पैसा आणि करंडक यांच्याभोवतीच फिरत. दक्षिणेच्या वाट्याला प्रेक्षकाची भूमिका. हा क्रम मोडण्याचा हट्ट कासेर्तात माज्जो कुटुंबाने धरला. बांधकाम व्यवसायातील जोव्हान्नी माज्जो यांनी १९८२ मध्ये शहराबाहेर कास्तेल मोर्रोने येथे संघासाठी स्वतंत्र क्रीडागृह उभारले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. अंगावरच्या गणवेशावर मात्र त्या हंगामात नाव होते 'स्नायदेरो', म्हणजे ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातील स्वयंपाकघरे बनवणारी कंपनी. दक्षिणेची अस्मिता उत्तरेच्या पैशावर उभी होती, हेही त्या काळाचे एक सत्य.

९/ १९८२ मध्येच प्रशिक्षक बोग्दान तान्येविच यांच्या कासेर्ताकडे एक उंचपुरा ब्राझिलियन नेमबाज आला. ऑस्कर श्मिट. तो या शहरात आठ वर्षे राहिला. त्याच्या हाताने गुणांचा पाऊस पाडला, पण करंडक येईना. १९८६ आणि १९८७ अशी सलग दोन वर्षे इटालियन लीगच्या अंतिम फेरीत मिलानने कासेर्ताला रोखले. १९८६ च्या कोराच चषकाच्या अंतिम फेरीत रोमच्या संघाने. आठ वर्षांत कासेर्तासाठी ऑस्करच्या हाती लागला तो १९८८ चा इटालियन चषक, एवढाच. अथेन्सची रात्र त्या चषकाचीच कमाई होती.

१०/ ऑस्करची थोरवी समजण्यासाठी १९८७ चा उन्हाळा पाहावा लागतो. इंडियानापोलिस येथे पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेला तिच्याच भूमीवर १२०-११५ असे हरवले. ऑस्करचे गुण ४६. अमेरिकी बास्केटबॉलच्या आत्मविश्वासाला बसलेला तो मोठा तडा होता.

११/ असा खेळाडू एनबीएत का गेला नाही? १९८४ च्या निवडीत न्यू जर्सी नेट्स या संघाने त्याचे नाव घेतले होते. पण तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम असा : एनबीएत खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाचे दार बंद. क्लबांतून पगार घेणारे युरोपीय व ब्राझिलियन 'हौशी', आणि एनबीएतले तेवढे 'व्यावसायिक'! या दांभिक रेषेच्या एका बाजूला उभे राहणे भाग होते. ऑस्करने ब्राझील निवडला.

१२/ रेषा ओलांडली असती तर काय झाले असते, याचे उत्तर त्या रात्री त्याच्यासमोरच्या संघात होते. रेआलचा फर्नांदो मार्टिन १९८६-८७ चा हंगाम पोर्टलँडमध्ये खेळला. एनबीएत पोहोचलेला तो पहिला स्पॅनिश खेळाडू. तेथे त्याला मोजकाच खेळ मिळाला आणि तो एका हंगामात परतला. किंमत म्हणून स्पेनच्या राष्ट्रीय संघातील जागा त्याने गमावली. कासेर्ताचा बल्गेरियन गेओर्गी ग्लुचकोव्हही त्याआधी फिनिक्समध्ये एक हंगाम काढून आलेला. अटलांटिकपलीकडच्या त्या दाराची सावली दोन्ही संघांवर पडलेली होती.

१३/ आणि पेट्रोविच? आद्रियातिकच्या काठी शिबेनिक येथे १९६४ मध्ये जन्मलेला हा मुलगा वेगळ्याच कुंपणाआड वाढला. वयाची २८ वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूने देश सोडू नये, असा युगोस्लाव्हियाचा दंडक होता. त्याच्यासाठी अपवाद झाला आणि १९८८ मध्ये, चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो माद्रिदला आला. माद्रिदकरांना त्याची ओळख करून देण्याची गरज नव्हती. १९८५ च्या चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात सिबोनासाठी ३६ गुण करून त्यानेच रेआलला हरवले होते. स्थळ? पिरेयसचे हेच 'शांतता आणि मैत्री' क्रीडागृह. कालचा छळवादी आज आपल्या गणवेशात पाहणे, हे रेआलच्या चाहत्यांसाठी सोपे नसावे.

१४/ आता ती रात्र. चाळीस मिनिटांत निकाल लागला नाही. आणखी पाच मिनिटे खेळावी लागली. पेट्रोविच ६२, ऑस्कर ४४. दोन्ही संघांच्या मिळून २३० गुणांपैकी १०६ या दोघांचे, म्हणजे जवळजवळ निम्मे. कासेर्ताचा सूत्रधार नांदो जेंतिले, वय २२, याच शहराचा पुत्र; त्यानेही तिसाहून अधिक गुण केले. कासेर्ता हा ऑस्करचा एकखांबी तंबू नव्हता, हे सांगण्यासाठी जेंतिलेचा तो खेळ पुरेसा आहे. त्याच्या जोडीला एन्झो एस्पोझितो हा आणखी एक कासेर्ताचाच मुलगा होता. दर संघाला दोनच परदेशी खेळाडू घेण्याची मुभा असल्याने उरलेला संघ मातीतूनच उगवावा लागे.

१५/ 'त्या सामन्यात बचाव कोणी केलाच नाही', अशी टीका अधूनमधून वाचायला मिळते. तीत तथ्य थोडे आणि अहंकार जास्त. तीन आठवड्यांनी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स कपचा अंतिम सामना झाला. स्प्लिटच्या युगोप्लास्टिकाने तेल अवीवच्या मक्काबीला ७५-६९ असे हरवले. अथेन्सला २३० गुण, म्युनिकला १४४. पाच जादा मिनिटे वजा केली तरी अंतर प्रचंड राहते. पण कमी गुण म्हणजे उच्च बास्केटबॉल हा समज आळशी आहे. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय खेळात १९८४ मध्ये आली. तिचे पुढे काय करता येते, हे पाच वर्षांनी अथेन्समध्ये दोन माणसांनी दाखवले. बचावाने यायचे ते पुढच्या दशकात आले, आणि युरोपीय बास्केटबॉल काही काळ पाहवेनासे झाले, ते वेगळे.

१६/ रेआलच्या बाकावर मात्र निर्भेळ आनंद नव्हता, असे तेव्हापासून सांगितले जाते. चेंडू सतत एकाच्याच हातात राहतो आणि इतरांचे श्रम कोणाच्या नजरेस पडत नाहीत, ही सल संघातील काहींना, विशेषतः मार्टिनला, होती. ती अन्यायकारक म्हणता येणार नाही. प्रशिक्षक लोलो साइन्झ यांच्या हाताशी एकाच वेळी स्पेनचा लाडका मोहरा आणि युरोपचा सर्वोत्तम खेळाडू होता. अशी श्रीमंती सांभाळणे दारिद्र्याहून कठीण असते. त्या हंगामात रेआलने स्पेनचा चषकही जिंकला, पण लीगच्या अंतिम फेरीत पाच सामन्यांच्या झुंजीनंतर पुन्हा बार्सिलोनापुढे हार पत्करली.

१७/ आता तारीख लक्षात घ्यावी. अथेन्सचा सामना १४ मार्चला. ७ एप्रिलला म्युनिकमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सभेने ५६ विरुद्ध १३ मतांनी एनबीएच्या खेळाडूंवरील बंदी उठवली. सरचिटणीस बोरिस स्टान्कोविच यांचा हा अनेक वर्षांचा आग्रह होता. ज्या नियमासाठी ऑस्करने आपल्या उमेदीची वर्षे अमेरिकेबाहेर घालवली, तो नियम त्याच्या सर्वांत वेदनादायक पराभवानंतर २४ दिवसांनी संपला. तो तेव्हा ३१ वर्षांचा होता.

१८/ त्या उन्हाळ्यात बांध फुटला. पेट्रोविच रेआलशी करार शिल्लक असताना पोर्टलँडला गेला. दिवात्स लॉस एंजेलिसला, पास्पाल सॅन अँटोनियोला, लिथुआनियाचा मार्चुलियोनिस गोल्डन स्टेटला, सोव्हिएत संघाचा व्होल्कोव्ह अटलांटाला. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. बास्केटबॉलची भिंत काही महिने आधीच पडली होती, असे म्हणता येईल. १९८८-८९ चा हंगाम हा जुन्या युरोपीय बास्केटबॉलचा शेवटचा भरलेला वाडा. त्यानंतर सर्वांत गुणी मुले घरात फार काळ थांबली नाहीत.

१९/ पुढचे तपशील सांगताना लेखणी जड होते. ३ डिसेंबर १९८९ रोजी फर्नांदो मार्टिन माद्रिदमधील मोटार अपघातात मृत्यू पावला, वय २७. पोर्टलँडमध्ये बाकावर कुजलेला पेट्रोविच जानेवारी १९९१ मध्ये दुसऱ्या संघात गेला आणि तेथे अखेर बहरला. तो संघ न्यू जर्सी नेट्स, सात वर्षांपूर्वी ज्याने ऑस्करचे नाव घेतले होते तोच. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने नवजात क्रोएशियाला रौप्यपदक मिळवून दिले. ७ जून १९९३ रोजी जर्मनीतील महामार्गावर त्याचाही अपघाती अंत झाला, वय २८. युगोस्लाव्हियाच्या जुन्या दंडकाप्रमाणे ज्या वयात परदेशाची परवानगी मिळायची, तेच वय.

२०/ कासेर्ताने १९९१ मध्ये मिलानला पाचव्या सामन्यात त्याच्याच मैदानावर हरवून इटालियन लीग जिंकली. दक्षिणेतील संघाने मिळवलेले ते पहिले विजेतेपद. प्रशिक्षक तेच फ्रान्को मार्चेलेत्ती, मैदानावर जेंतिले आणि एस्पोझितो. ऑस्कर मात्र नव्हता. १९९० मध्ये तो पाव्हियाला गेला होता. आठ वर्षे ज्याने वाट तुडवली, त्याच्या पश्चात वर्षभराने मुक्काम आला.

२१/ आता स्पर्धेविषयी. कप विनर्स कपचे नाव नव्वदीत अनेकदा बदलले. १९९८ मध्ये तिला रायमुंदो सापोर्ता यांचे नाव मिळाले; रेआल माद्रिदच्या बास्केटबॉलचे हे शिल्पकार आदल्या वर्षी निवर्तले होते. २००२ मध्ये स्पर्धा बंद पडली. तिच्या जागी आलेल्या नव्या द्वितीय स्पर्धेचे आकर्षण वेगळे आहे : जिंकणाऱ्याला वरच्या स्पर्धेत जागा मिळते. आणि ती वरची स्पर्धा, म्हणजे युरोलीग, दीर्घ मुदतीच्या परवान्यांनी बड्या क्लबांच्या हाती आहे. लीग जिंकली म्हणून तेथे प्रवेश मिळेलच असे नाही.

२२/ बदल वरवर किरकोळ दिसतो, पण तो मुळाशी जाणारा आहे. जुनी दुसरी स्पर्धा हे स्वतःच एक गंतव्य होते. ती जिंकणे म्हणजे काहीतरी संपूर्ण जिंकणे. नवी दुसरी स्पर्धा हा जिना आहे, आणि जिन्यावर कोणी घर करत नाही. पूर्वी पाहुण्यांना दोन पंगती होत्या. आता एकच पंगत आहे आणि दाराशी प्रतीक्षागृह. कासेर्तासारख्या शहराने एकाच रात्री रेआल माद्रिदच्या बरोबरीने उभे राहावे, आणि ती रात्र दोघांनाही सारखीच हवी असावी, हे त्या व्यवस्थेत घडू शकत होते.

२३/ याला उत्तर म्हणून कोणी विचारील : मग ते जुने नियम चांगले होते का? मुळीच नाही. २८ वर्षांची अट ही सोन्याच्या पिंजऱ्याचीसुद्धा नव्हती, साध्या पिंजऱ्याची होती. एनबीएची बंदी दांभिक होती. दोन परदेशी खेळाडूंच्या मर्यादेने अनेकांच्या पोटावर पाय आला. खेळाडूला स्वातंत्र्य मिळाले हे न्याय्यच झाले. पण खेळाडूचे स्वातंत्र्य आणि क्लबांचा बंदिस्तपणा हे एकाच नाण्याच्या दोन बाजू म्हणून खपवले जातात, ते मान्य करण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट १९८९ मध्ये म्युनिकच्या मतदानातून आली. दुसरी बड्या क्लबांनी पुढे स्वतःच्या सोयीने आणली. दोहोंत दशकाहून अधिक अंतर आहे.

२४/ म्हणून १९८८-८९ च्या त्या हंगामाला 'द्वितीय श्रेणी' म्हणून बाजूला सारणारे, आणि केवळ ६२ या आकड्यासाठी त्याची आरती ओवाळणारे, दोघेही अर्धेच पाहतात. ६२ ला अर्थ आला तो समोर ४४ होते म्हणून. आणि ४४ समोर उभे राहू शकले, कारण चषक जिंकणाऱ्या शहराला कोणाचा परवाना मागावा लागत नव्हता.

२५/ त्या रात्री हरलेल्यांपैकी एकाची कहाणी ग्रीसमध्येच पुरी झाली. नांदो जेंतिले पुढे अथेन्सच्या पानाथिनाइकोसकडून खेळू लागला. २००० च्या एप्रिलमध्ये थेस्सालोनिकी येथे त्या संघाने मक्काबी तेल अवीवला ७३-६७ असे हरवून युरोपचे सर्वोच्च विजेतेपद मिळवले. कासेर्ताचा मूळ क्लब तेव्हा दोन वर्षांपूर्वीच दिवाळखोरीत निघालेला होता.